माधवराव शिंदे : शस्त्रागार मोठे, भरवसा सरावावर

ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंदे यांचे ५ जून १९२५ रोजी पॅरिस येथे निधन झाले. त्या घटनेला आता शंभर वर्षे उलटून गेली आहेत. आजच्या वाचकाला माधवराव शिंदे म्हटले की केंद्रीय मंत्री राहिलेले नेते आठवतात. ते या महाराजांचे नातू होत. आजोबांची आठवण मुख्यतः दोन गोष्टींसाठी काढली जाते. जयविलास राजवाड्यातील जेवणाच्या टेबलावर पाहुण्यांपुढे मद्य आणि चिरूट घेऊन फिरणारी चांदीची छोटी आगगाडी ही पहिली. शिवपुरीच्या रानात झालेल्या वाघांच्या अगणित शिकारी ही दुसरी. या दोन्हींतून हौशी आणि श्रीमंत राजाचे चित्र उभे राहते. ते खोटे नाही, पण अपुरे आहे. जगातील कोणतेही यंत्र आणि कोणतेही शस्त्र विकत घेऊ शकणारा हा मनुष्य यशासाठी विसंबून राहिला तो ओळखीच्या रानावर, ठरलेल्या पद्धतीवर आणि रोजच्या सरावावर. जेथे त्याने ही वाट सोडली, तेथे त्याला अपयश आले.

साताऱ्याजवळच्या कण्हेरखेडचे शिंदे अठराव्या शतकात राणोजींच्या पराक्रमाने माळव्यात स्थिरावले. महादजींनी त्या घराण्याचा दरारा दिल्लीपर्यंत नेला. माधवरावांचा जन्म २० ऑक्टोबर १८७६ रोजी झाला. वडील जयाजीराव १८८६ मध्ये निवर्तले, तेव्हा ते दहा वर्षांचेही नव्हते. अल्पवयीन राजाच्या नावाने मंडळाने कारभार पाहिला आणि १८९४ मध्ये पूर्ण अधिकार त्यांच्या हाती आले. एकवीस तोफांच्या सलामीचा मान असलेले, सुमारे पंचवीस हजार चौरस मैलांचे हे संस्थान विशीत न पोहोचलेल्या तरुणाच्या वाट्याला आले होते.

यंत्रांची त्यांना लहानपणापासून ओढ होती. राजवाड्याच्या आवारात हौसेखातर घातलेल्या रुळांतूनच पुढे दोन फूट रुंदीची ग्वाल्हेर लाइट रेल्वे उभी राहिली. १८९९ मध्ये ती भिंड आणि शिवपुरीकडे धावू लागली आणि १९०९ मध्ये श्योपूरला पोहोचली. इंजिन स्वतः चालवणे हा महाराजांचा आवडता विरंगुळा होता. पण हौशीचे खेळणे लोकांच्या उपयोगाचे कसे करावे, हेही त्यांना कळत होते. १९०० मध्ये चीनमधील बॉक्सर उठावाच्या वेळी त्यांनी ‘ग्वाल्हेर’ नावाचे रुग्णवाहक जहाज सुसज्ज करून दिले आणि जनरल गॅसली यांच्याबरोबर ते स्वतः त्या मोहिमेवर गेले. राज्यकारभाराची धोरणे त्यांनी ‘दरबार पॉलिसी’ या नावाने लिहून काढली. प्रत्येक कामाची पद्धत ठरवावी, ती लिहून ठेवावी आणि तिच्याप्रमाणे माणसे तयार करावीत, हा त्यांचा स्वभाव होता.

गोमंतकीय वाचकांना या चरित्रात आपुलकी वाटावी असा एक धागा आहे. बडोद्याच्या राजकन्या इंदिराराजे यांच्याशी ठरलेला त्यांचा विवाह १९११ मध्ये मोडला. ती सोयरीक राजकन्येने स्वतः नाकारली आणि त्या काळात ही घटना देशभर गाजली. त्यानंतर महाराजांनी गोव्यातील राणे घराण्यातील गजराराजे यांच्याशी विवाह केला. चिंकूराजे या त्यांच्या पहिल्या महाराणी होत्या. गजराराजे यांचे पुत्र जिवाजीराव १९१६ मध्ये जन्मले आणि तेच पुढे ग्वाल्हेरच्या गादीवर आले. ग्वाल्हेरचे वैद्यकीय महाविद्यालय आजही गजराराजे यांच्या नावाने ओळखले जाते.

माधवरावांचा जीवनकाळ हा शिकारी बंदुकांच्या इतिहासातील सर्वांत वेगवान बदलांचा काळ होता. त्यांच्या जन्माच्या वेळी काळ्या दारूच्या जड रायफली प्रचारात होत्या. बार उडताच धुराचा पडदा उभा राहायचा आणि वाघ पडला की पळाला, हे काही क्षण कळतच नसे. ते तरुण झाले तेव्हा धूर न करणारी कॉर्डाइट दारू आली. तिने गोळीचा वेग आणि मारा दोन्ही वाढवले. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड, पर्डी, रिग्बी आणि बर्मिंगहॅमच्या वेस्टली रिचर्ड्स या कारखान्यांचे हिंदुस्थानी संस्थानिक हे मोठे गिऱ्हाईक होते. नवा बोअर निघाला की नवी जोडी मागवायची, तिच्यावर राजचिन्ह कोरून घ्यायचे, ती मखमलीच्या पेटीत मांडायची, असा रिवाजच अनेक दरबारांत पडला होता.

यात सरकारी हुकमानेही भर घातली. बंडखोरांच्या हाती असलेल्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुकांना .४५० बोअरची काडतुसे उपयोगी पडतील, या भीतीने ब्रिटिश सरकारने १९०७ च्या सुमारास हिंदुस्थान आणि सुदान येथे त्या बोअरच्या शिकारी रायफली आणण्यास मनाई केली. वाघ-हत्तींच्या शिकारीत तोच बोअर सर्वांत विश्वासाचा मानला जात होता. कारखानदारांनी लागलीच .४६५, .४७० असे पर्याय काढले. हाताला बसलेले हत्यार बाजूला ठेवून अनोळखी हत्यार उचलण्याची वेळ अनेक शिकाऱ्यांवर आली आणि शिकारी मंडळींतील एका जुन्या वादाला धार चढली. हरणाला एक, अस्वलाला दुसरी, वाघाला तिसरी अशा निरनिराळ्या रायफली बाळगाव्यात, की एकदोन रायफलींवरच हात बसवून जन्मभर त्याच वापराव्यात?

पहिल्या पक्षाच्या म्हणण्यात तथ्य होते. चितळाला पुरणारी हलकी गोळी गव्याच्या खांद्यात थांबते आणि गव्यासाठी केलेली सहा किलोंची दुनळी रायफल घेऊन डोंगर चढवत नाही. दुसऱ्या पक्षाचे उत्तर मात्र रानातल्या अनुभवातून आलेले होते. प्रत्येक रायफलीचे वजन, तोल, दस्त्याची लांबी आणि चाप ओढायला लागणारा जोर वेगळा असतो. दुनळी रायफलीत दोन चाप असतात आणि दोन्ही नळ्या एका विशिष्ट काडतुसासाठी अशा जुळवलेल्या असतात की ठराविक अंतरावर दोन्ही गोळ्या जवळजवळ एकाच जागी लागाव्यात. काडतूस बदलले की ती जुळणी बिघडते. कॉर्डाइटचा जोर उन्हाळ्यात वाढतो, म्हणून उष्ण देशांसाठी कमी दारूची वेगळी काडतुसे भरली जात. अशा डझनभर बारकाव्यांची सवय बोटांना आणि खांद्याला लागावी लागते. तीस-चाळीस पावलांवर झाडीतून वाघ बाहेर येतो तेव्हा विचाराला वेळ नसतो. हात सवयीने जे करतात तेच खरे.

हा प्रश्न निव्वळ हौशीचा नव्हता. चुकलेल्या किंवा अर्धवट लागलेल्या गोळीची किंमत बहुधा गोळी झाडणारा देत नसे. तो मचाणावर, हत्तीच्या पाठीवर किंवा दगडी बुरजात सुरक्षित असे. जखमी वाघ गवतात शिरला की त्याच्या समोर असत ते हाका करणारे लोक. आसपासच्या खेड्यांतून आलेल्या या माणसांच्या हाती काठी, कुऱ्हाड किंवा पत्र्याचा डबा याहून मोठे हत्यार नसे. पेटीतून नुकत्याच काढलेल्या रायफलीवर पाहुण्याचा हात बसलेला आहे की नाही, यावर कुणाच्या तरी घरचा कर्ता पुरुष संध्याकाळी परत येणार की नाही हे ठरत होते.

माधवरावांनी शिकारीकडे कारभाऱ्याच्या नजरेने पाहिले, त्याचे मर्म येथे आहे. १९२० मध्ये त्यांनी वाघाच्या शिकारीवर एक मार्गदर्शक पुस्तक इंग्रजीत प्रसिद्ध केले. बढाईने भरलेल्या शिकारकथांच्या त्या जमान्यात एका राजाने कामाची रीत शिकवणारे पुस्तक लिहावे, हेच विशेष होते. वाघाची शिकार त्यांच्या लेखी बंदोबस्ताचा विषय होती. माग काढणारे पायांच्या ठशांवरून वाघाचा मुक्काम हेरतात. आमिष म्हणून रेडा बांधला जातो. वाघ खाऊन जवळच विसावला की हाका करणाऱ्यांची रांग त्याला ठरलेल्या वाटेने पुढे रेटते. दोन्ही बाजूंच्या झाडांवर बसवलेली माणसे हलकासा आवाज करून त्याला वाट सोडू देत नाहीत. या साखळीतला प्रत्येक दुवा सरावाचा असावा लागतो.

ग्वाल्हेरला येणारे पाहुणेही साधे नव्हते. पुढे पंचम जॉर्ज झालेले युवराज डिसेंबर १९०५ मध्ये आले. त्यांचे चिरंजीव एडवर्ड १९२२ मध्ये आले. व्हाइसरॉयांची ये-जा तर नेहमीचीच होती. पाहुण्याची बंदूक नवी असेल, नेम कच्चा असेल, तरी वाघ त्याच्यासमोर नेमक्या अंतरावर आणि नेमक्या कोनात यायला हवा. पाहुण्याच्या हातात जो सराव नव्हता, तो यजमानाच्या व्यवस्थेने भरून काढायचा होता. राजा आणि पाहुणे यांच्याकडे शस्त्रे होती. ओळख होती ती रानाजवळ राहणाऱ्या मागकाढ्यांकडे आणि हाका करणाऱ्यांकडे. छायाचित्रांत मारलेल्या वाघामागे रायफल घेऊन उभे असलेले चेहरे दिसतात. ज्यांच्या पायांना त्या ओढ्या-नाल्यांची सवय होती, त्यांची नावे बहुतेक वेळा चित्राखाली नसतात.

एकाच हत्यारावर हात बसवण्याचे मोल त्याच काळात कुमाऊँच्या डोंगरांत जिम कॉर्बेट यांनीही दाखवून दिले. चंपावतची नरभक्षक वाघीण मारल्याबद्दल १९०७ मध्ये त्यांना .२७५ बोअरची रिग्बी रायफल भेट मिळाली. ती हलकी होती आणि मोठ्या जनावरांसाठी अनेकांना अपुरी वाटे. कॉर्बेट यांनी तीच वर्षानुवर्षे खांद्यावर वागवली आणि १९२६ मध्ये रुद्रप्रयागचा नरभक्षक बिबट्या तिच्याच गोळीने पडला. मोठ्या जनावरांसाठी त्यांच्याकडे एक जड दुनळीही होती. त्यांच्या पाठीशी हजार माणसांचा हाका नव्हता, म्हणून सारी ओळख त्यांना स्वतःच्या हातात आणि कानांत साठवावी लागली. माधवरावांनी तीच ओळख संपूर्ण संस्थानाच्या यंत्रणेत साठवली.

मग हाच महाराज एका बाबतीत नवलाईला भुलला. मध्य भारतातून सिंह केव्हाच नाहीसा झाला होता. व्हाइसरॉय लॉर्ड कर्झन यांच्या काळात तो ग्वाल्हेरच्या रानात पुन्हा आणण्याची कल्पना पुढे आली आणि त्यासाठी आफ्रिकेतून सिंह मागवण्यात आले. श्योपूरच्या जंगलात डोबकुंड येथे उंच भिंतींची आवारे बांधून ते वाढवले गेले आणि काही वर्षांनी मोकळे सोडले गेले. या सिंहांना तेथील रानाची ओळख नव्हती आणि तेथील माणसांना सिंहाची. सिंहांनी गाईगुरे मारली, माणसांवरही हल्ले केले. काही पुन्हा पकडावे लागले. पुढे ते दूरदूर पांगले आणि बहुतेक गोळीला बळी पडले. वाघाच्या बाबतीत पिढ्यान्‌पिढ्यांच्या माहितीवर उभी असलेली यंत्रणा सिंहापुढे लंगडी पडली. याच प्रदेशातील कुनो राष्ट्रीय उद्यानात सप्टेंबर २०२२ मध्ये नामिबियातून आणलेले आठ चित्ते सोडण्यात आले, तेव्हा अभ्यासकांना डोबकुंडची आठवण झाली ती यामुळेच.

यशाचाही हिशेब मांडला पाहिजे. माधवरावांच्या नावावर सातशेहून अधिक वाघ सांगितले जातात. आकडा थोडा इकडेतिकडे धरला, तरी एका माणसाच्या हयातीत आणि मुख्यतः एकाच टापूत हे झाले, हे विसरता येत नाही. पद्धत जितकी अचूक होत गेली, तितकी वाघाला निसटायची संधी कमी होत गेली. कच्च्या नेमाने जखमी वाघ मागे राहत आणि हाका करणाऱ्यांचे बळी जात, हे खरे. पण पक्क्या नेमाने आणि चोख बंदोबस्ताने रानच रिकामे होत गेले, हेही तितकेच खरे. महाराजांच्या कारभारी बुद्धीने माणसांचा धोका ओळखला. वाघांचा हिशेब ठेवण्याची दृष्टी त्या काळातील फारच थोड्यांना होती आणि तेही तिला अपवाद ठरले नाहीत.

शिवपुरी ही ग्वाल्हेरची उन्हाळी राजधानी होती. १९१८ मध्ये तेथे सख्यासागर तलाव बांधून झाला. त्याचे नाव मातुःश्री सख्याराजे यांच्यावरून पडले. मायलेकांच्या संगमरवरी छत्र्या तेथे समोरासमोर उभ्या आहेत. स्वातंत्र्यानंतर या शिकारीच्या रानाचे माधव राष्ट्रीय उद्यान झाले. वाघ तेथून दीर्घकाळ नाहीसे झाले होते. मार्च २०२३ मध्ये बाहेरून वाघ आणून सोडण्यात आले आणि मार्च २०२५ मध्ये, महाराजांच्या मृत्यूला शंभर वर्षे होत असतानाच, ते देशाचे ५८ वे व्याघ्र प्रकल्प क्षेत्र म्हणून जाहीर झाले.

म्हादईच्या खोऱ्यातील वाघांच्या भवितव्यावर चर्चा करणाऱ्या गोव्याला शिवपुरीचा हा इतिहास दूरचा वाटू नये. सत्तरीच्या गोळावली भागात जानेवारी २०२० मध्ये चार वाघ मृत सापडले, त्याला फार वर्षे झालेली नाहीत. शिवपुरीत पाहुण्यांना बसवण्यासाठी बांधलेली दगडी जागा तलावाच्या काठी अजून उभी आहे. तेथे आता पर्यटक दुर्बीण घेऊन बसतात. समोरच्या झाडीत वाघ कोठे असेल हे सांगण्यासाठी त्यांच्या शेजारी आजही लागतो तो त्या रानाची ओळख असलेला स्थानिक वाटाड्याच.