बर्फानं अडवलेली वाट आणि एक गॅरेजवाला

मुंबईच्या लोकलनं ये-जा करणाऱ्यांना बंबार्डियर हे नाव नवं नाही. 2015 मध्ये जांभळ्या-पांढऱ्या रंगाच्या नव्या गाड्या रुळांवर आल्या आणि त्यांतल्या विजेच्या यंत्रणेच्या कंपनीवरून प्रवाशांनी त्यांना हेच नाव देऊन टाकलं. हे नाव मुळात एका माणसाचं आडनाव आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं. त्याचा फ्रेंच उच्चार बोंबार्डिए असा होतो. हा माणूस रेल्वेवाला नव्हता. कॅनडातल्या एका खेड्यात त्याचं गॅरेज होतं. त्याच्या आयुष्याला वळण दिलं ते आम्हा डॉक्टरांच्या रोजच्या पाहण्यातल्या एका आजारानं, म्हणजे अपेंडिक्सच्या दुखण्यानं. म्हणून आज या आरोग्याच्या सदरात त्याची गोष्ट.

लहानपणीचा उद्योग

जोसेफ-आर्मां बोंबार्डिए याचा जन्म 16 एप्रिल 1907 रोजी क्वेबेक प्रांतातल्या व्हालकूर या गावी झाला. आठ भावंडांत तो थोरला. घर शेतकऱ्याचं, धार्मिक वळणाचं. मुलानं पाद्री व्हावं असं वडिलांच्या मनात होतं. मुलाचं लक्ष मात्र घड्याळं, खेळण्यातल्या आगगाड्या आणि मोडकी यंत्रं यांच्यात. घरातली चालती यंत्रं तरी वाचावीत म्हणून वडिलांनी त्याला फोर्ड गाडीचं एक निकामी इंजिन आणून दिलं. ते दुरुस्त होणार नाही, अशी त्यांची खात्री होती.

पोरानं ते दुरुस्त केलं. एवढ्यावर न थांबता चार घसरपट्ट्यांच्या चौकटीवर ते बसवलं आणि मागे विमानासारखा पंखा लावला. 31 डिसेंबर 1922 रोजी आर्मां आणि त्याचा भाऊ लेओपोल्द ही गाडी घेऊन गावातल्या बर्फावरून निघाले. आर्मां तेव्हा पंधरा वर्षांचा होता. गाव थक्क झालं. पण उघडा गरगरता पंखा पाहून वडिलांचा जीव उडाला आणि गाडी तिथल्या तिथे मोडायला लावली. अपघात विभागात काम केलेल्या कुणालाही वडिलांचंच बरोबर वाटेल.

पुढे पाद्री होण्याचं शिक्षण अर्धवट सोडून आर्मांनी गॅरेजात उमेदवारी केली, रात्रीच्या वर्गांत यंत्रविद्या आणि वीज शिकून घेतली आणि 1926 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, गावात स्वतःचं गॅरेज उघडलं. 1929 मध्ये इव्हॉन लाब्रेक यांच्याशी त्यांचं लग्न झालं. उन्हाळ्यात मोटारी दुरुस्त करायच्या आणि हिवाळ्यात रस्ते बर्फाखाली गेले की बर्फावर चालणाऱ्या गाडीचे प्रयोग करायचे, असा त्यांचा क्रम होता.

जानेवारी 1934

त्या काळी क्वेबेकच्या खेड्यांतले रस्ते हिवाळ्यात बंदच असत. मोटारी वसंत ऋतूपर्यंत कोठारात ठेवून द्यायच्या आणि घोड्याच्या घसरगाडीवर भिस्त ठेवायची. 1934 च्या जानेवारीत बोंबार्डिए यांचा दोन वर्षांचा मुलगा पोटदुखीनं आजारी पडला. अपेंडिक्स फुटून पोटभर जंतुसंसर्ग पसरला होता. जवळचं रुग्णालय शेरब्रुक शहरात, सुमारे पन्नास किलोमीटरवर. बाहेर बर्फ साचलेला. गॅरेजमध्ये बर्फगाडीचा एक नमुना होता, पण तो चालत्या अवस्थेत नव्हता. मुलगा गेला.

अपेंडिक्स म्हणजे मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला लोंबणारी बोटाएवढी बंद नळी. तिचं तोंड बंद झालं की आत दाब वाढतो, सूज येते, रक्तपुरवठा तुटतो आणि भिंत फुटते. हे सगळं एक-दोन दिवसांत होऊ शकतं. लहान मुलांत तर ती फुटण्याचं प्रमाण जास्त असतं. कारण मूल कुठे दुखतंय ते सांगू शकत नाही, आणि आतड्यांवरचा जो चरबीचा पडदा मोठ्या माणसात जंतुसंसर्गाला वेढून टाकतो, तो मुलांत नीट वाढलेला नसतो. 1934 मध्ये पेनिसिलिन रुग्णांपर्यंत पोहोचलेलं नव्हतं. शस्त्रक्रिया मात्र तेव्हाही रूढ होती. म्हणजे वेळेवर टेबलापर्यंत पोहोचणं हाच काय तो आधार होता, आणि तोच बर्फानं काढून घेतला.

पट्टा, चाक आणि डॉक्टरांची गाडी

बर्फात चाक रुततं आणि घसरतं. वजन पसरवायला रुंद पट्टा हवा, आणि तो ओढणारं दातेरी चाक बर्फानं चोंदता कामा नये. बोंबार्डिए यांनी रबर चढवलेलं दातेरी चाक आणि रबरी-कापडी पट्टा यांची जोडी 1935 मध्ये जमवली. 1937 मध्ये तिचं पेटंट मिळालं. पुढे सात माणसं बसतील अशी गाडी आली, 1942 मध्ये बारा माणसांची. या गाड्या घेणाऱ्यांत खेड्यातले डॉक्टर, जनावरांचे डॉक्टर आणि पाद्री होते. त्यांतल्या काही रुग्णवाहिका झाल्या, काहींनी टपाल नेलं, काहींनी मुलांना शाळेत पोहोचवलं. ज्या घरापर्यंत हिवाळ्यात डॉक्टर पोहोचत नसे, तिथे तो पोहोचू लागला.

गंमत म्हणजे सरकारच्या चांगल्या कामानं त्यांचा धंदा बसवला. 1948 मध्ये क्वेबेकनं खेड्यांतले रस्तेही हिवाळ्यात मोकळे ठेवायचं ठरवलं आणि मोठ्या बर्फगाड्यांची मागणी घटली. बोंबार्डिए मग दलदलीत आणि जंगलात चालणाऱ्या पट्ट्याच्या ट्रॅक्टरांकडे वळले. तरी एका-दोघांसाठी हलकी गाडी करायचं जुनं स्वप्न होतंच. इंजिनं लहान आणि हलकी झाल्यावर 1959 मध्ये ते पुरं झालं. गाडीचं नाव स्की-डू. मूळ नाव स्की-डॉग होतं, पण छपाईच्या चुकीनं स्की-डू झालं आणि तेच राहिलं, असं सांगतात. सुरुवातीची एक गाडी त्यांनी उत्तर ओंटारियोत आदिवासींमध्ये काम करणाऱ्या एका मिशनरी मित्राला दिली होती. पहिल्या हंगामात 225 गाड्या विकल्या गेल्या. पुढे ती खेळाची गाडी म्हणून जगभर गेली. तो बहर पाहायला ते फार काळ राहिले नाहीत. 18 फेब्रुवारी 1964 रोजी कर्करोगानं त्यांचं निधन झालं. वय 56. चाळीसहून अधिक पेटंटं त्यांच्या नावावर होती.

उंचीवर इंजिनाला लागणारी धाप

आज गुलमर्गला गेलेले आपले पर्यटक ज्या बर्फगाडीवर बसून फोटो काढतात, ती याच घराण्यातली. आणि तिच्या पोटातली एक गोष्ट आपल्या दारातल्या स्कूटरमध्येही असते. विठ्ठलवाडी स्टेशनजवळच्या गॅरेजात माझ्या गिअर नसलेल्या स्कूटरचं झाकण उघडलं होतं, तेव्हा मेकॅनिकनं मला पुढच्या पुलीतले सहा छोटे गोल रोलर दाखवले. इंजिनाचे फेरे वाढले की हे रोलर बाहेर फेकले जातात, पुलीच्या दोन चकत्या जवळ ढकलतात आणि बेल्ट वर चढतो. गिअर आपोआप बदलतो तो असा. बर्फगाडीच्या क्लचमध्ये रोलरच्या जागी वजनाचे छोटे दांडे असतात. तत्त्व तेच.

आता ही वजनं किती ग्रॅमची असावीत, हे गाडी किती उंचीवर चालवायची यावर ठरतं. उंचीवर हवा विरळ होते. साध्या इंजिनाची ताकद दर 300 मीटरला साधारण तीन टक्क्यांनी घटते. विठ्ठलवाडी समुद्रसपाटीपासून जेमतेम काही मीटरवर आहे, तर गुलमर्ग सुमारे 2,650 मीटरवर. म्हणजे तेच इंजिन तिथे पाव ताकद गमावून बसतं. पण वजनांना त्याची खबर नसते. खालच्या हिशेबानं लावलेली जड वजनं गिअर लवकर चढवतात, दमलेल्या इंजिनावर नको तेवढा भार येतो आणि त्याचे फेरे पडतात. म्हणून डोंगराळ भागातले मेकॅनिक हलकी वजनं लावतात. मग इंजिन आधी आपल्या पूर्ण फेऱ्यांवर पोहोचतं आणि नंतर गिअर चढतो. हीच गाडी खाली आणली तर वजनं पुन्हा जड करावी लागतात, नाहीतर इंजिन गरजेपेक्षा जास्त फिरतं. नव्या गाड्यांत संगणक हवेनुसार इंधन कमी करतो. पण कमी पडलेली हवा तो कुठून आणणार?

आपली वजनं कोण बदलतं?

माणसाच्या शरीराचंही तसंच आहे. उंचावरच्या हवेत ऑक्सिजनचा वाटा 21 टक्केच असतो, पण हवेचा दाब कमी असल्यानं प्रत्येक श्वासात तो कमी मिळतो. सुमारे 3,500 मीटरवरच्या लेहमध्ये दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास उरतो. शरीराची जुळवाजुळव लगेच सुरू होते. श्वास आणि नाडी काही मिनिटांत वाढतात. वाढलेल्या श्वासानं बिघडलेला रक्तातला आम्ल-अल्कलीचा तोल मूत्रपिंडं दोन-चार दिवसांत सावरतात. तांबड्या पेशी वाढायला मात्र आठवडे लागतात. गॅरेजात तासाभरात होणारं काम शरीर आपल्या गतीनं करतं, आणि तेवढा वेळ न देता आपण विमानानं थेट लेहला उतरतो.

म्हणून काही गोष्टी लक्षात ठेवाव्यात. लेहला पोहोचल्यावर पहिले दोन दिवस विश्रांती घ्या. 3,000 मीटरच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नका आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबा. डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं ही सुरुवात असू शकते. अशा वेळी आणखी वर जाऊ नका. बसल्या जागी धाप लागली, तोल जाऊ लागला किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर सकाळची वाट न पाहता त्याला खाली आणा. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा आजार असेल, तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना भेटा. गोळ्याही त्यांनाच विचारून घ्या.

आपला बर्फ

आपल्याकडे बर्फ पडत नाही, पण वाटा बंद होतात. 26 जुलै 2005 ला वालधुनी आणि उल्हास नद्यांनी काय केलं, ते या भागातले लोक विसरलेले नाहीत. मुरबाड-शहापूरकडच्या काही पाड्यांवरून पावसाळ्यात आजही रुग्णाला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणावं लागतं. फुटलेलं अपेंडिक्स घेऊन उशिरा आलेलं मूल सरकारी रुग्णालयात काम करणाऱ्या प्रत्येकानं पाहिलेलं असतं. त्यातला थोडा उशीर वाटेचा असतो, थोडा घरातला. बेंबीभोवती सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारं दुखणं, उलटी, ताप, अन्नावरची वासना उडणं, मुलानं वाकून चालणं ही लक्षणं दिसली तर एरंडेल पाजू नका, पोट शेकू नका, रात्र काढू नका. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनानं निघा.

बोंबार्डिए यांच्या घरासमोर त्या रात्री वाटच नव्हती, म्हणून त्यांनी पुढची पंचवीस वर्षं ती तयार करण्यात घालवली. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी वाट आहे. ती वेळेवर धरणं आणि जिथे अजून नाही तिथे ती मागत राहणं, एवढं तरी आपल्याला करता येईल.