तुरुंगाला न भ्यालेली रखमाबाई

उमरीच्या गल्लीत बाईला मार बसतो, तेव्हा शेजारी दार लावून घेतात. नवरा-बायकोचे भांडण, आपण कशाला पडावे! अशा वेळी आम्हाला डॉ. रखमाबाई आठवतात.

१८६४ साली मुंबईत, सुतार समाजात जन्म. ११ व्या वर्षी दादाजी भिकाजीशी लग्न. त्या नांदायला गेल्याच नाहीत. १८८४ मध्ये दादाजीने कोर्टात दावा लावला. न्या. पिन्ही यांनी तो फेटाळला. पण अपिलानंतर मार्च १८८७ मध्ये आदेश झाला : महिन्याभरात नांदायला जा, नाहीतर ६ महिने तुरुंग. रखमाबाईंनी तुरुंगाची तयारी दाखवली. टिळकांचा केसरी त्यांच्यावर तुटून पडला. १८८८ मध्ये २ हजार रुपयांवर तडजोड होऊन दादाजीने हक्क सोडला. रखमाबाई लंडनला शिकून डॉक्टर झाल्या; सुरत, राजकोटला आयुष्यभर बायाबापड्यांना औषधपाणी केले. सप्टेंबर १९५५ मध्ये त्या गेल्या. ज्या हिंदू कोड बिलापायी बाबासाहेबांनी १९५१ ला मंत्रिपद सोडले, त्यातला विवाह कायदा त्याच वर्षी झाला होता.

तेव्हा तुरुंगाचा धाक बायकोला होता. आज तो छळणाऱ्या नवऱ्याला आहे. १९८३ चे कलम ४९८-अ आता भारतीय न्याय संहितेचे कलम ८५ आहे : ३ वर्षांपर्यंत कैद आणि दंड. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने बाईला घरात राहण्याचा हक्क दिला. संरक्षणाचा आदेश मोडणाऱ्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा २० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

कायदा बाईच्या बाजूने आला. शेजारी कधी येणार? बांधवांनो, दार उघडा, तिच्यासोबत ठाण्यापर्यंत चला.