गोपाळ ते सेनाखासखेल समशेरबहादूर : सयाजीराव गायकवाडांच्या किताबांची गोष्ट



११ मार्च जवळ आला की आपल्यापैकी बरेच जण महाराजा सयाजीराव गायकवाड यांच्या फोटोला हार घालतो, फळ्यावर सुविचार लिहितो आणि एखाद्या हुशार मुलाकडून चार ओळींचं भाषण पाठ करून घेतो. मीही इतकी वर्षं तेच करत आले. यंदा मात्र मी फळ्यावर त्यांचं नाव सगळ्या किताबांसकट लिहिलं. फर्झंद-इ-खास-इ-दौलत-इ-इंग्लिशिया महाराजा सर सयाजीराव गायकवाड, सेनाखासखेल, समशेरबहादूर. दोन ओळी भरल्या. चौथीतल्या एका मुलाने विचारलं, की बाई, हे एकाच माणसाचं नाव आहे की चार-पाच जणांचं?

वर्ग हसला. मला मात्र वाटलं, याने बरोबर ओळखलं. त्या नावातला एकेक तुकडा वेगळ्या माणसाने, वेगळ्या काळात मिळवलेला आहे. चला तर मग, आज हे नाव सुटं करून बघू. मुलांना गोष्ट म्हणून सांगता येईल आणि आपल्यालाही थोडा विचार करायला लावेल.

पहिला तुकडा : समशेरबहादूर

गायकवाड घराणं मूळचं आपल्या पुणे जिल्ह्यातलं, खेड तालुक्यातल्या दावडी गावचं. सरदार खंडेराव दाभाडे यांच्या फौजेत दमाजी गायकवाड नावाचे एक लढवय्ये होते. १७२० साली बाळापूरला (आजचा अकोला जिल्हा) निजामाच्या फौजेशी मोठी लढाई झाली. त्यात दमाजींनी पराक्रम गाजवला. दाभाड्यांनी शिफारस केली आणि छत्रपती शाहू महाराजांनी दमाजींना समशेरबहादूर हा किताब दिला. समशेर म्हणजे तलवार. तलवारीचा शूर, असा साधा अर्थ.

लगेच पुढच्या वर्षी दमाजी वारले. किताब आला पुतण्याकडे, पिलाजीरावांकडे. इथे मुलांना थांबवून जरूर विचारा, की लढले कोण आणि नाव कोणाला मिळालं? वारसाहक्क म्हणजे काय, हे समजावून सांगायला याहून सोपं उदाहरण नाही.

दुसरा तुकडा : सेनाखासखेल

पिलाजीराव मात्र नुसत्या काकांच्या नावावर बसून राहणारे नव्हते. गुजरातेत गायकवाडांचा जम त्यांनीच बसवला. १७३१ साली डभईजवळ बाजीराव पेशवे आणि सेनापती त्र्यंबकराव दाभाडे यांच्यात लढाई झाली. पिलाजीराव दाभाड्यांच्या बाजूने लढले. त्र्यंबकराव मारले गेले, म्हणजे पिलाजीरावांची बाजू हरली. तरीही नंतरच्या समेटात सेनापतिपद दाभाड्यांच्याच घरात लहान यशवंतरावांकडे राहिलं आणि त्यांचे मुतालिक, म्हणजे त्यांच्या वतीने कारभार बघणारे, म्हणून पिलाजीरावांची नेमणूक झाली. तेव्हा त्यांना सेनाखासखेल हा किताब मिळाला. खेल म्हणजे फौजेचं पथक. खास पथकाचा प्रमुख, असं समजा. आरमारातल्या आंग्र्यांचा सरखेल हा किताबही याच जातीचा शब्द आहे.

१७३२ साली डाकोरला पिलाजीरावांचा दग्याने खून झाला. त्यांचे पुत्र दुसरे दमाजीराव यांनी १७३४ साली बडोदं घेतलं आणि ते पुढे घराण्याची राजधानी झालं.

इथपर्यंत किताब तलवारीने मिळत होता. १७६८ साली दुसरे दमाजीराव वारले आणि चित्र पालटलं. त्यांच्या मुलांमध्ये वारसाचा तंटा सुरू झाला. सेनाखासखेल कोण, हे पुण्याच्या दरबारात ठरू लागलं आणि तिथे नजराण्याच्या रकमेला वजन आलं. एकदा गोविंदरावांना मान्यता, मग १७७१ साली ती फिरवून सयाजीरावांना (हे पहिले सयाजीराव बरं का, आपले तिसरे), पुढे पुन्हा गोविंदरावांना. रणांगणावर मिळालेला शब्द दोन पिढ्यांत पैशाच्या पारड्यात बसला. मुलांना हा भाग सांगायचा की नाही, हे इयत्ता बघून ठरवा. मोठ्या वर्गाला मी सांगतेच.

किताब आहे, वारस नाही

आता एकदम शंभर वर्षं पुढे येऊ. १८७० साली खंडेराव महाराज वारले आणि त्यांचे भाऊ मल्हारराव गादीवर बसले. त्यांच्या कारभाराबद्दल तक्रारी वाढत गेल्या. १८७४ साली बडोद्यातले इंग्रज रेसिडेंट कर्नल फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचा आरोप त्यांच्यावर आला. चौकशीला सहा जणांचं मंडळ बसलं, तीन इंग्रज आणि तीन हिंदी. हिंदी सभासदांनी मल्हाररावांना दोषी मानलं नाही. तरीही गैरकारभाराचं कारण देऊन १८७५ च्या एप्रिलमध्ये सरकारने त्यांना गादीवरून काढलं आणि मद्रासला पाठवलं.

दीडशे वर्षांचा किताब होता, पण तो लावायला माणूस नव्हता. खंडेरावांच्या पत्नी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली आणि घराण्याच्या दूरदूरच्या शाखांमध्ये मुलांचा शोध सुरू झाला.

असा शोध घेत माणसं पोचली नाशिक जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात, कवळाणे गावी. तिथे पिलाजीरावांच्याच वंशातले काशीराव गायकवाड शेती करून राहत होते. आडनाव तेच, रक्त तेच, पण किताब नाही, राजवाडा नाही. त्यांचा मुलगा गोपाळ १८६३ साली जन्मलेला, म्हणजे बारा वर्षांचा. शेतात काम करणारा, गुरांमागे जाणारा. लिहिता-वाचता येत नव्हतं.

निवडीसाठी काही मुलं बडोद्याला नेली. कशासाठी आलात, असं विचारल्यावर इतरांनी काहीबाही सांगितलं आणि गोपाळने मात्र राज्य करायला आलो असं सांगितलं, अशी गोष्ट पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. ऐकीव गोष्ट आहे, ऐकीव म्हणूनच सांगावी. मुलांना ती फार आवडते. २७ मे १८७५ रोजी गोपाळ दत्तक गेला आणि सयाजीराव झाला. एका दिवसात सगळे किताब नावापुढे लागले. अक्षर मात्र एकही आलं नाही.

हे वाक्य मी वर्गात दोनदा सांगते. किताब वारसाने मिळतो, अक्षर मिळत नाही. ते राजालाही गिरवावं लागतं.

बाराव्या वर्षी श्रीगणेशा

मग सुरू झाली शाळा. राज्याचा कारभार दिवाण सर टी. माधवराव बघत होते आणि मुलाच्या शिक्षणासाठी इलियट नावाचे इंग्रज शिक्षक नेमले होते. मराठी, गुजराती, उर्दू आणि इंग्रजी, या चारही भाषा शून्यातून. आपल्याकडे सहावी-सातवीच्या वयाचं, कधी शाळा न बघितलेलं मूल दाखल झालं की आपल्या पोटात गोळा येतो ना? तसंच हे मूल होतं. फरक इतकाच, की त्याच्यासाठी अख्खं राज्य थांबायला तयार होतं.

तो शिकत असतानाच नावात भर पडली. १८७७ च्या दिल्ली दरबारात इंग्रज सरकारने त्याला फर्झंद-इ-खास-इ-दौलत-इ-इंग्लिशिया हा किताब दिला. अर्थ काय, तर इंग्रज सरकारचा खास लाडका पुत्र. तेरा वर्षांच्या मुलाने यासाठी काय केलं होतं? काहीच नाही. पहिले दोन किताब मराठ्यांच्या दरबारातून आलेले, हा तिसरा आता मालक कोण हे सांगणारा. नावातला सर पुढे १८८७ साली आला. तोफांची सलामी २१, म्हणजे संस्थानिकांतला सर्वांत वरचा मान.

२८ डिसेंबर १८८१ रोजी, अठराव्या वर्षी, सयाजीरावांच्या हाती पूर्ण कारभार आला.

गादीवर बसल्यावर

इथून पुढची गोष्ट आपल्या व्यवसायाची आहे. कारभार हाती येताच पुढच्या एक-दोन वर्षांत त्यांनी अस्पृश्य मानलेल्या जातींच्या मुलांसाठी सरकारी शाळा काढायला सुरुवात केली. त्या शाळांवर जायला सवर्ण शिक्षक तयार होत नसत. आपल्या पेशातल्या लोकांनी त्या मुलांना नाकारलं होतं, हेही आपण शिक्षकांनी लक्षात ठेवायला हवं.

१८९३ साली अमरेली भागातल्या काही गावांत त्यांनी सक्तीच्या आणि मोफत प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग सुरू केला. तेरा वर्षं तो चालवून बघितला आणि १९०६ साली सबंध बडोदं संस्थानाला तोच कायदा लागू केला. मुलगे आणि मुली, दोघांनाही. मूल शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंडाची तरतूद होती. नामदार गोखल्यांनी १९११ साली असाच कायदा ब्रिटिश हिंदुस्थानसाठी मांडला, तेव्हा बडोद्याचं उदाहरण त्यांच्यापुढे होतं. ते विधेयक सरकारने हाणून पाडलं.

नुसतं वाचायला शिकवून भागत नाही, वाचायला पुस्तकंही लागतात. म्हणून १९१० साली त्यांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाचे ग्रंथालयतज्ज्ञ बोलावले. गावोगावी मोफत वाचनालयं निघाली, पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. बाराव्या वर्षापर्यंत ज्याच्या हातात पुस्तक नव्हतं, त्या माणसाने हे केलं.

१९१३ साली भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला जाता आलं. याची दुसरी बाजूही सांगते. १९१७ साली तेच आंबेडकर नोकरीसाठी बडोद्यात आले, तेव्हा त्यांना राहायला जागा मिळाली नाही आणि शेवटी शहर सोडावं लागलं. महाराजांच्या स्वतःच्या राजधानीत हे घडलं. एकवीस तोफांचा मान असलेला राजा शिष्यवृत्ती देऊ शकला, पण शेजाऱ्याच्या मनातली शिवाशिव काढू शकला नाही. थोर माणसाची गोष्ट सांगताना हे झाकू नये, असं मला वाटतं.

आणि लाडक्या पुत्राचं काय झालं? १२ डिसेंबर १९११ च्या दिल्ली दरबारात बादशहा पंचम जॉर्जसमोर सगळे राजे दागिन्यांनी मढून गेले. सयाजीराव साध्या वेषात गेले, एकदाच मुजरा केला आणि पाठ फिरवून परतले. इंग्रजी वर्तमानपत्रांत गदारोळ उठला. राज्य राखायचं तर त्यांना दिलगिरीचं पत्र द्यावं लागलं, तेही त्यांनी दिलं. वारशात किताब मिळतो, तशी त्याची बेडीही मिळते.

६ फेब्रुवारी १९३९ रोजी मुंबईत त्यांचं निधन झालं. नातू प्रतापसिंहराव गादीवर आले आणि सेनाखासखेल, समशेरबहादूर हे किताब त्यांच्याकडे गेले. १९४९ साली बडोदं मुंबई राज्यात विलीन झालं. १९७१ साली घटनादुरुस्ती होऊन संस्थानिकांची सरकारी मान्यता संपली. अडीचशे वर्षांचं लांबलचक नाव कायद्याच्या लेखी इतिहासजमा झालं.

आपल्या वर्गासाठी

मी ज्या शाळेत शिकवते तिथे कांद्याची लागण आणि ऊसतोड सुरू झाली की हजेरीपट रिकामा होतो. मी घरोघरी जाते. एक वाक्य हमखास ऐकायला मिळतं, की आमच्या घराण्यात कोणी शिकलेलं नाही, हा काय शिकणार. बोलणारी माणसं वाईट नसतात, दमलेली असतात. पण विचार करा, हेही वारसाहक्कानेच चाललेलं आहे ना? गायकवाडांच्या घरी समशेरबहादूर पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं, आमच्या वस्तीवर अडाणीपण चालत आलं. दोन्ही न मागता मिळालेलं.

अशा वेळी मी गोपाळची गोष्ट सांगते. राजाची नाही, गुरांमागच्या पोराची. पूर्वी पालक हसून म्हणायचे, की तो राजा झाला म्हणून शिकला. आता मी सांगते, की बरोबर आहे, त्याला राजवाड्यात न्यावं लागलं. पण गादीवर बसल्यावर त्याने पहिल्यांदा हेच बघितलं, की दुसऱ्या कोणत्या गोपाळला शिकण्यासाठी दत्तक जावं लागू नये. यंदा या गोष्टीनंतर एक बाप पोरीचं दप्तर घेऊन स्वतः शाळेत आला. एकच आला. बाकीच्यांकडे मी परत जाणार आहे.

तुम्हीही वर्गात करून बघा. मुलांना वहीच्या पानावर मधोमध रेघ मारायला सांगा. एका बाजूला घरातून न मागता काय मिळालं ते, आणि दुसऱ्या बाजूला स्वतः शिकून काय मिळवलं ते. माझ्या वर्गात पहिली बाजू आडनाव, शेत, म्हैस, आजीचा आवाज अशी भरली. दुसऱ्या बाजूला ज्या मुलाने फळ्यावरच्या नावाबद्दल विचारलं होतं, त्याने एकच गोष्ट लिहिली. स्वतःचं नाव लिहिता येतं.

तुमच्या मुलांनी काय लिहिलं ते नक्की कळवा.