चाळिशीनंतर विद्यार्थिनी झालेल्या कमलाबाई



आपल्या तुकडीला दहावी होऊन यंदा ४० वर्षे झाली. स्मरणिकेसाठी प्रत्येकाने आपापल्या क्षेत्राविषयी लिहावे, असा संपादक मंडळाचा निरोप आला. माझे क्षेत्र सांगितले की निम्मे लोक मला ऑपरेशन थिएटरमध्ये काम करणारी समजतात, कारण आमच्या विषयाचे लघुरूपही ओ.टी.च आहे. मराठीत व्यवसायोपचार म्हटले तर बुडालेल्या दुकानाला सल्ला देणारी बाई अशी समजूत होते. म्हणून स्वतःविषयी लिहिण्याऐवजी हा विषय ज्यांनी आपल्या देशात आणला, त्या कमलाबाई निंबकर यांच्याविषयी लिहायचे ठरवले. आमच्या व्यवसायात हे नाव माहीत नाही असा माणूस सापडणार नाही. बाहेर मात्र ते फारसे कुणाला ठाऊक नाही.

आधी आम्ही करतो काय ते थोडक्यात सांगते. पक्षाघाताच्या झटक्यानंतर माणूस वाचतो, पण सदऱ्याचे बटण लावता येत नाही, भाताचा घास तोंडापर्यंत जात नाही, साडीच्या निऱ्या धरवत नाहीत. मूल पाच वर्षांचे होते, पण पेन्सिल हातात धरत नाही, वर्गातल्या गोंगाटाने कान झाकून बसते. संधिवाताने बोटे वाकडी झालेल्या बाईला पोळी लाटता येत नाही. अशा माणसाला रोजचे जगणे पुन्हा स्वतःच्या हाताने करता यावे, यासाठी व्यायाम, सराव, साधने आणि घरातली रचना या सगळ्यांचा उपयोग करणे म्हणजे व्यवसायोपचार. यातला व्यवसाय म्हणजे धंदा नव्हे. माणसाचा दिवस ज्या कामांनी भरलेला असतो, ती सगळी कामे त्यात येतात.

कमलाबाई जन्माने अमेरिकन. त्यांचे मूळ नाव एलिझाबेथ लंडी. १९०० साली न्यू जर्सीमध्ये एका क्वेकर कुटुंबात त्यांचा जन्म झाला. क्वेकर हा ख्रिस्ती धर्मातला साधेपणा, शांतता आणि सेवा मानणारा पंथ. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजात त्या शिकल्या. विष्णू निंबकर यांच्याशी ओळख झाली आणि १९३० साली त्या भारतात येऊन त्यांच्याशी विवाहबद्ध झाल्या. नाव बदलले, हिंदू धर्म स्वीकारला, आणि एलिझाबेथची कमला झाली. त्या काळी अमेरिकेहून मुंबईला पोहोचायला बोटीने कित्येक आठवडे लागत. माहेर एवढे दूर ठेवून आलेल्या या बाईने इथे घर केले. मुलांच्या शिक्षणात त्यांना विशेष रस होता आणि मुंबईतली सुरुवातीची वर्षे त्यांनी त्याच कामाला दिली.

त्यांच्या आयुष्यातला मला सर्वांत मोठा वाटणारा टप्पा इथून पुढे येतो. चाळिशी ओलांडली होती. संसार होता, मुलगा वाढत होता, हातात चालू असलेले काम होते. अशा वेळी त्या अमेरिकेला जाऊन पुन्हा विद्यार्थिनी झाल्या. फिलाडेल्फियाच्या ऑक्युपेशनल थेरपी शाळेत त्यांनी प्रशिक्षण घेतले. ही शाळा पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस, १९१८ साली सुरू झालेली. दुसऱ्या महायुद्धातून हातपाय गमावून परतणाऱ्या सैनिकांमुळे तिकडे या विषयाला तेव्हा मोठी निकड आली होती. शरीररचना, मज्जासंस्था, मनोविकार यांच्या जोडीला विणकाम, सुतारकाम, मातीकाम हे सगळे तिथे शिकावे लागे. आपल्यापेक्षा वीस वर्षांनी लहान मुलींच्या शेजारी बसून हाडांची नावे पाठ करायची, परीक्षा द्यायच्या, ही गोष्ट कागदावर वाचायला सोपी आहे. आपल्यापैकी ज्यांनी पन्नाशीत मोबाइलवरून वीजबिल भरायला शिकून घेतले, त्यांना तिची थोडीफार कल्पना येईल.

शिक्षण झाल्यावर तिकडे नोकरी करणे त्यांना सहज शक्य होते. त्या मुंबईला परतल्या. १९५० साली परळच्या के.ई.एम. रुग्णालयात त्यांनी व्यवसायोपचाराची शाळा सुरू केली. भारतातली ती पहिली. के.ई.एम. म्हणजे महापालिकेचे रुग्णालय, सभोवती गिरण्यांची वस्ती, येणारे रोगी बहुतांशी कामगार आणि त्यांची मुले. तेव्हा पोलिओ घरोघरी भीती घालत होता. यंत्रात हात सापडलेले कामगार, क्षयाने महिनोन्महिने खाटेला खिळलेले रोगी, कुष्ठरोगाने बोटांची संवेदना गेलेले लोक, असा तो काळ. विषयाचे नाव देशाला नवे. शिकवणारे कोणी नाहीत, इथल्या परिस्थितीवरचे पाठ्यपुस्तक नाही, आणि शिकून बाहेर पडणाऱ्यांना नोकरी देईल असे पदही बहुतेक रुग्णालयांत नाही. पुढे १९५८ साली नागपूरलाही अशी शाळा त्यांच्या प्रयत्नांतून उभी राहिली. म्हणजे या शास्त्राची देशातली पहिली दोन्ही घरे आपल्या आजच्या महाराष्ट्रातली.

शाळा काढून त्या थांबल्या असत्या तरी त्यांचे नाव राहिले असते. पण पदवी किंवा पदविका हातात पडली की शिक्षण संपले, असे मानणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. मुंबईत शिकलेली मुले-मुली निरनिराळ्या प्रांतांत एकेकटी जाऊन काम करणार, त्यांना सल्ला द्यायला आसपास कोणीही नसणार, हे उघड होते. १९५२ साली अखिल भारतीय व्यवसायोपचार संघटना स्थापन झाली आणि कमलाबाई तिच्या पहिल्या अध्यक्ष झाल्या. त्याच वर्षी या व्यवसायाचा जागतिक महासंघ निघाला. त्याच्या दहा संस्थापक सदस्य देशांत अमेरिका, ब्रिटन, कॅनडा यांच्या रांगेत भारत होता. आपल्या पहिल्या शाळेला तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती! जागतिक पातळीवर अभ्यासक्रमाचे किमान निकष ठरू लागले, तेव्हा त्या चर्चेत आपला देश पहिल्या दिवसापासून बसलेला होता, याचे श्रेय त्यांना जाते.

त्यांनी आशियातल्या पुनर्वसनकार्याला वाहिलेले एक इंग्रजी नियतकालिक चालवले आणि त्याचे संपादन केले. अपंग पुनर्वसनाच्या भारतातल्या वाटचालीवर अ न्यू लाइफ फॉर द हॅन्डिकॅप्ड हे पुस्तक लिहिले. नियतकालिक, अधिवेशन, निबंधवाचन या गोष्टी आज आपल्याला कंटाळवाण्या वाटतात. पण ज्या काळात परगावच्या सहकाऱ्याशी बोलायचे तर ट्रंक कॉल लावून बसावे लागे, त्या काळात दूरच्या गावी एकट्याने काम करणाऱ्याला तेवढाच धागा होता. आपण करतो ते बरोबर आहे का, दुसरीकडे कोणी याहून चांगले काही करते आहे का, हे कळायला दुसरी वाटच नव्हती.

कमलाबाई १९७९ साली गेल्या. मी तेव्हा आपल्या शाळेत चौथीत होते. पुढे बारावीनंतर मेडिकलचे गुण थोडक्यात हुकले आणि मुंबईत व्यवसायोपचाराला प्रवेश मिळाला, तेव्हा घरी कोणालाच हे काय आहे ते सांगता येईना. पहिल्या वर्षी त्यांचे नाव ऐकले ते परीक्षेत दोन गुणांना येणारे म्हणून. त्यांच्या कामाचा खरा अर्थ मला कळला तो जिल्ह्याच्या गावी दवाखाना थाटल्यावर.

तेव्हा संपूर्ण तालुक्यात माझ्या विषयाची मी एकटी होते. चुकले तर कान धरणारे वर कोणी नाही, नवे काही सांगणारे शेजारी कोणी नाही. आणि रोगी तर बदलत होते. आम्ही शिकलो तेव्हा अभ्यासक्रमात पोलिओला भरपूर जागा होती. २०११ नंतर देशात वन्य पोलिओचा एकही रोगी सापडलेला नाही आणि २०१४ साली तो गेल्याचे अधिकृतपणे जाहीरही झाले. आता माझ्याकडे येतात ती स्वमग्न मुले, कमी दिवसांची जन्मलेली बाळे, चाळिशीतच पक्षाघात झालेले पुरुष आणि विस्मरणाने स्वतःचे घर न ओळखणारे आजीआजोबा. जे आजार पाहून मी पदवी घेतली, ते निघून गेले. जे आले, त्यांच्यासाठी मला पुन्हा शिकणे भाग होते.

एक उदाहरण देते. पक्षाघाताने एक हात लुळा पडला की माणूस चांगल्या हातानेच सगळे उरकतो आणि अधू हात वापरायचे विसरूनच जातो. यावर अमेरिकेत एडवर्ड टॉब यांनी एक उपचार विकसित केला. चांगल्या हाताला जाड मोजा घालून ठेवायचा आणि रोज काही तास अधू हाताकडूनच नेमकी कामे, टप्प्याटप्प्याने अवघड करत, करून घ्यायची. मी शिकत होते तेव्हा हे आमच्या पुस्तकात नव्हते. तीन दिवस दवाखाना बंद ठेवून, रोग्यांच्या पाळ्या पुढे ढकलून, रात्रीची एस.टी. पकडून मी त्याच्या कार्यशाळेला गेले. तिथे पद्धतीइतकीच महत्त्वाची दुसरी गोष्ट समजली. ती सगळ्यांना लागू पडत नाही. अधू हाताचे मनगट साधारण २० अंश आणि बोटे १० अंश तरी स्वतःहून उघडता आली पाहिजेत. ज्याचा हात मुळीच हलत नाही, त्याचा चांगला हात बांधून ठेवला तर आपण त्याला फक्त लाचार करतो. परत आल्यावर माझ्याकडच्या एका भाजीवालीला हा उपचार दिला. दोन आठवड्यांनी ती अधू हाताने मिरच्या उचलून पारड्यात टाकू लागली. त्याच महिन्यात आलेल्या दुसऱ्या एका रोग्याला मी तो दिला नाही, आणि का देत नाही हे त्याच्या घरच्यांना समजावून सांगू शकले. ते सांगता येणेही त्याच तीन दिवसांची कमाई होती.

आता सततच्या शिक्षणाची रीतसर व्यवस्था होते आहे. महाराष्ट्रात व्यवसायोपचार आणि भौतिकोपचार परिषदेचा कायदा २००२ चा, तर देशभरासाठी सहवैद्यकीय व्यवसायांच्या आयोगाचा कायदा २०२१ साली झाला. नोंदणी आणि दर्जा यांकडे लक्ष जाते आहे, हे चांगलेच. पण नुसत्या हजेरीच्या प्रमाणपत्रासाठी मागच्या रांगेत बसून मोबाइल पाहणारे लोक प्रत्येक सभागृहात असतात, हेही मी पाहते. खिशातले पैसे आणि बुडालेली कमाई मोजून दुरून आलेली एखादी तरुण मुलगी त्याच सभागृहात पहिल्या रांगेत टिपणे घेत असते. तिच्या गावात तिच्यावाचून या विषयाचे दुसरे कोणी नसते. कमलाबाईंनी संघटना बांधली ती मला अशाच मुलींसाठी वाटते. आमच्या संघटनेच्या वार्षिक अधिवेशनात उत्कृष्ट शोधनिबंधाला कमलाबाईंच्या नावाचा करंडक दिला जातो. नवे काही शोधून ते चारचौघांसमोर मांडणाऱ्याला त्यांच्या नावाचा मान मिळावा, हे फार योग्य आहे.

शिक्षकांसाठी आणखी एक गोष्ट सांगायची राहिली. फलटणला कमला निंबकर बालभवन नावाची मराठी माध्यमाची शाळा आहे. डॉ. मॅक्सीन बर्नसन यांच्या प्रगत शिक्षण संस्थेची ही शाळा. मॅक्सीनमावशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या बाईही अमेरिकेतून येऊन फलटणकर झालेल्या. कमलाबाईंचे चिरंजीव बनबिहारी निंबकर यांनी फलटणलाच शेतीच्या संशोधनाचे मोठे काम केले. सून जाई निंबकर या लेखिका, इरावती कर्वे यांच्या कन्या. मुलांच्या शिक्षणापासून काम सुरू केलेल्या बाईंचे नाव अखेर एका शाळेलाच लाभले आहे.

गुरुजनहो, तुमच्यापैकी अनेकांनी सत्तरी-पंचाहत्तरी ओलांडली आहे. मित्रांनो, आपल्यातल्या काहींच्या घरी पक्षाघाताचे, कंपवाताचे रोगी आहेत. काहींची नातवंडे उशिरा बोलू लागली आहेत. वेळ आली तर फक्त मालीश आणि गोळ्यांवर थांबू नका, आमच्यापैकी कोणाला तरी गाठा. आणि गाठल्यावर एक प्रश्न संकोच न करता विचारा: अलीकडे नवीन काय शिकलात? जिला त्याचे उत्तर देता येईल, तिच्याकडे आपले माणूस निश्चिंतपणे सोपवा. मलाही विचारा. मेळाव्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात मी विस्मरणाच्या रोग्यांविषयीच्या एका कार्यशाळेला निघाले आहे. तिथले टिपण ज्यांना हवे असेल त्यांनी मला कळवावे, आपल्या बाईंच्या तपासणीला उतरेल अशा अक्षरात लिहून पाठवीन.

— आपल्या तुकडीतली एक व्यवसायोपचारतज्ज्ञ, दहावी ‘ब’, १९८५