कुशल सारथी ताझियो नुव्होलारी

शर्यत म्हटली की ज्याचे वाहन अधिक वेगवान त्याचाच विजय, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. वाहन यंत्राचे असेल तर ही समजूत अधिकच दृढ होते. कारण यंत्राची शक्ती आकड्यांत मोजता येते, आणि आकड्यांपुढे मनुष्य सहज मान तुकवतो. परंतु २८ जुलै १९३५ रोजी जर्मनीत झालेल्या मोटारींच्या एका शर्यतीने या समजुतीला जबर धक्का दिला. तो देणाऱ्या इटालियन चालकाचे नाव ताझियो नुव्होलारी.

नुव्होलारीचा जन्म १६ नोव्हेंबर १८९२ रोजी उत्तर इटलीतील मांतोवा शहरानजीकच्या कास्तेल दारियो या गावी झाला. घराणे शेतकऱ्याचे; पण वडील आर्तुरो आणि चुलते जुझेप्पे या दोघांनाही सायकलच्या शर्यतींचा नाद होता. तो वारसा ताझियोकडे आला. पहिल्या महायुद्धात त्याने सैन्यात मोटारचालकाचे काम केले. त्याची गाडी हाकण्याची तऱ्हा पाहून, हे तुझे काम नव्हे, असे एका अधिकाऱ्याने त्याला बजावले, अशी आख्यायिका आहे. युद्ध संपले, आणि वयाची सत्तावीस वर्षे उलटल्यावर तो शर्यतींच्या क्षेत्रात उतरला. प्रारंभ मोटारसायकलपासून झाला.

अंगाने किरकोळ, उंचीने ठेंगणा असा हा मनुष्य. पण त्याची जिद्द असामान्य होती. १९२५ साली मोंझा येथे आल्फा रोमेओची मोटार चालवून पाहत असता त्याला भीषण अपघात झाला. डॉक्टरांनी सक्त विश्रांती सांगितली. परंतु थोड्याच दिवसांनी त्याच मैदानावर मोटारसायकलची महत्त्वाची शर्यत होती. नुव्होलारीने चालकाच्या बैठकीला जुळतील अशा बेताने अंगाला पट्ट्या बांधून घेतल्या, इतरांच्या मदतीने तो गाडीवर बसला, आणि पावसात ती शर्यत त्याने जिंकली. असे धाडस अनुकरणीय आहे, असे कोणी म्हणणार नाही. मात्र त्याच्या स्वभावाची ओळख त्यातून पटते.

पुढे त्याच्या यशाची कमान चढत गेली. इटलीतील सुमारे हजार मैलांची ‘मिल्ले मिलिया’ ही शर्यत त्याने १९३० व १९३३ साली जिंकली. सिसिलीच्या डोंगराळ रस्त्यांवरील ‘तार्गा फ्लोरिओ’ १९३१ व १९३२ अशी लागोपाठ दोन वर्षे त्याच्याकडे आली. १९३२ साली गाब्रिएले दानुन्झियो या प्रख्यात इटालियन कवीने त्याला सोन्याचे एक छोटे कासव भेट दिले. वेगाच्या उपासकाला सर्वांत मंद प्राणी द्यावा, यात कवीचा विनोद होता. नुव्होलारीने मात ते कासव आपले शुभचिन्ह मानले, आणि ते त्याच्या पिवळ्या सदऱ्यावर झळकू लागले.

आता त्या १९३५ सालच्या शर्यतीकडे वळू. जर्मनीत त्या वेळी हिटलरची राजवट होती. मोटारींच्या शर्यतींतील विजय म्हणजे राष्ट्राच्या सामर्थ्याची साक्ष, असे मानून ती राजवट मर्सिडीझ-बेन्झ व आउटो युनिओन या कारखान्यांना द्रव्यसाहाय्य करीत असे. त्यांच्या नऊ गाड्या त्या दिवशी रिंगणात होत्या, आणि त्यांची इंजिने साडेतीनशेहून अधिक अश्वशक्तीची होती. एन्झो फेरारीच्या संघातर्फे उतरलेल्या नुव्होलारीची आल्फा रोमेओ जुन्या बांधणीची. तिची शक्ती सुमारे २६५ अश्वशक्ती. सदऱ्यावर कासव मिरवणारा हा वीर खरोखरच मंद वाहन घेऊन आला होता!

परंतु शर्यतीचा मार्गही तसाच विलक्षण होता. आयफेलच्या डोंगरांत, नूरबुर्गच्या जुन्या किल्ल्याभोवती बांधलेल्या या नूरबुर्गरिंगची एक फेरी जवळजवळ २३ किलोमीटरांची; वाटेत दीडशेहून अधिक वळणे आणि घाटासारखे चढउतार. अशा २२ फेऱ्या, म्हणजे सुमारे ५०० किलोमीटर अंतर तोडावयाचे होते. सरळ रस्त्यावर इंजिनाची सत्ता चालते, वळणावर चालकाची. त्यातच पावसाने रस्ता ओला झालेला. वळणावर गाडी घसरू लागली की सामान्य चालक घाबरतो. नुव्होलारी ती घसरण हिशेबात धरून गाडी तशीच वळवीत असे. त्याचे दोन्ही सहकारी, शिराँ आणि ब्रिव्हियो, गाड्या नादुरुस्त झाल्याने लवकरच बाद झाले. तो एकटा मात्र एकेकाला मागे टाकीत दहाव्या फेरीत सर्वांच्या पुढे गेला.

आणि येथेच दैव फिरले. पेट्रोल भरण्यासाठी तो थांबला असता पंप मोडला. डब्यांनी पेट्रोल ओतावे लागले, आणि त्यात २ मिनिटे १४ सेकंद गेली. आघाडीवरून तो सहाव्या स्थानावर फेकला गेला. एवढ्याने कोणाचाही धीर सुटला असता. नुव्होलारीने पुन्हा पाठलाग आरंभला, आणि बघता बघता तो दुसऱ्या स्थानावर आला. पुढे राहिला होता एकटा मर्सिडीझचा चालक मान्फ्रेड फॉन ब्राउखिच.

शेवटची फेरी सुरू झाली तेव्हा दोघांत सुमारे अर्ध्या मिनिटाचे अंतर होते. ब्राउखिचने वेगाच्या भरात टायर झिजवून टाकले होते. टायर बदलण्यास थांबावे तर आघाडी जाणार, न थांबावे तर ते टिकण्याची शाश्वती नाही! तो थांबला नाही. शेवट अवघ्या काही किलोमीटरांवर असता त्याचा मागचा टायर फुटला, आणि नुव्होलारी त्याला ओलांडून गेला. अफाट जर्मन जनसमुदायासमोर त्याने ४ तास ८ मिनिटे ४० सेकंदांत शर्यत जिंकली. दुसरा, तिसरा, चौथा आणि पाचवा असे चारही क्रमांक जर्मन गाड्यांचे होते. ब्राउखिच त्यांत पाचवा आला.

या विजयात दैवाचाही वाटा होता, हे नाकारता येणार नाही. परंतु पंप मोडला तेही दैवच होते. नुव्होलारीने पहिला आघात सोसून स्वतःला इतके जवळ ठेवले, की प्रतिस्पर्ध्याची चूक घडताच तिचा लाभ घेता यावा. प्रयत्नाचे क्षेत्र एवढेच असते. आणि तेवढे त्याने पूर्ण व्यापले.

त्याचे पुढील आयुष्य मात्र दुःखाने झाकोळले. १९३७ साली तो अमेरिकेच्या प्रवासात असता थोरला मुलगा जॉर्जो आजाराने वारला. १९४६ साली धाकटा आल्बेर्तोही गेला. दोघेही अवघे अठरा वर्षांचे होते. मधल्या काळात, १९३८ साली, ज्या आउटो युनिओनला त्याने हरविले होते तिच्याच गाड्या तो चालवू लागला, आणि त्या वर्षी इटलीत व इंग्लंडमधील डॉनिंग्टन येथे त्याने मोठ्या शर्यती जिंकल्या. पुढे महायुद्धामुळे ऐन उमेदीची वर्षे वाया गेली. धुराने त्याची फुफ्फुसे पोखरली; गाडी चालविताना रक्ताच्या उलट्या होत. तरीही १९४७ साली, वयाच्या चौपन्नाव्या वर्षी, एका लहानशा चिसितालिया गाडीतून तो मिल्ले मिलियात दुसरा आला. १९५० मधील सिसिलीच्या घाटातील शर्यत त्याची अखेरची ठरली.

११ ऑगस्ट १९५३ रोजी मांतोवा येथे त्याचे निधन झाले. अंत्ययात्रेला हजारो लोक लोटले होते. पुत्रशोक आणि व्याधी यांवर त्याला विजय मिळविता आला नाही. तसा तो कोणालाच मिळत नाही. पण आपल्या वाट्याला आलेले साधन उणे आहे, म्हणून त्याने कधी हातपाय गाळले नाहीत. परीक्षेत, खेळात वा संसारात आपल्यापैकी बहुतेकांना जुनीच गाडी घेऊन उतरावे लागते. अशा वेळी नूरबुर्गरिंगच्या त्या ओल्या वळणांवर एकट्याने झुंजणाऱ्या ठेंगण्या सारथ्याची आठवण ठेवावी.