जिमी हेंड्रिक्सची शेवटची फीत

जिमी हेंड्रिक्स २७ नोव्हेंबर १९४२ रोजी अमेरिकेतील सिअॅटल येथे जन्मला. घरची गरिबी, थोडे दिवस छत्रीधारी सैनिक, मग दुसऱ्यांच्या साथीला गिटार. हा डावखुरा वादक उजव्या हाताची गिटार उलटी धरून वाजवी! १९६६ साली तो लंडनला गेला आणि पुढच्याच वर्षी माँटेरेच्या महोत्सवाने त्याचे नाव अमेरिकाभर केले.

६ सप्टेंबर १९७०. जर्मनीतील फेमार्न बेट. वादळी पावसामुळे आदल्या दिवशीचे वादन लांबलेले. भिजून चिडलेल्या श्रोत्यांनी प्रथम त्याची हुर्योच उडवली. तरी तो वाजवत राहिला. गर्दीतून ते फितीवर टिपले गेले. १८ सप्टेंबरला लंडनमध्ये तो वारला. वय अवघे २७.

या मैफलीची मुद्रिका २००५ साली अधिकृतपणे निघाली. तोवर रसिक नकलांवरून नकला करीत होते आणि दर नकलेगणिक खरखर वाढत होती. अशा फितीचा वेग चुकला की सूरच चढतो वा उतरतो. तो आधी जुळवावा लागतो. खरखर मात्र फार पुसू नये, तिच्याबरोबर तारांची धारही जाते. आणि वाऱ्याचा घोंघाट? माझ्या मते तो राहू द्यावा. त्या दिवशी फेमार्नवर तो होताच.