गव्हाकडे बोट दाखवणारे डॉ. डिके

पोटाच्या विकारांच्या डॉक्टरांमध्ये विलेम-कारेल डिके हे नाव आजही मानानं घेतलं जातं. बाकीच्यांना त्यांची एकच गोष्ट माहीत असते, तीही सांगोवांगी. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी हॉलंडमध्ये उपासमार पडली, पाव मिळेनासा झाला, आणि पोटाच्या एका जुनाट आजारानं खंगलेली मुलं त्या उपासमारीतच चक्क सुधारली. मग मदतीचा पाव आला आणि ती पुन्हा आजारी पडली. झालं, डॉक्टरांच्या डोक्यात प्रकाश पडला!

गोष्ट खोटी नाही. पण एवढीच सांगितली तर डिके नुसते नशीबवान ठरतात. प्रत्यक्षात उपासमारीच्या आठ वर्षं आधीपासून हा माणूस गव्हाच्या मागावर होता, आणि उपासमार संपल्यावरही पाच वर्षं तो मुलांची वजनं-उंची मोजत बसला होता.

डिके यांचा जन्म १९०५ सालचा, हॉलंडमधल्या डॉर्ड्रेक्ट शहरातला. लायडनला वैद्यकीचं शिक्षण झालं आणि हेगच्या ज्युलियाना बाल रुग्णालयात त्यांनी बालरोगाचे धडे घेतले. १९३६ मध्ये, वय अवघं एकतीस असताना, ते त्याच रुग्णालयाचे वैद्यकीय संचालक झाले. त्या काळी कुठल्याही मोठ्या बाल रुग्णालयात एका विशिष्ट आजाराची मुलं हमखास दिसायची. पोट नगाऱ्यासारखं फुगलेलं, हातापायांच्या काड्या, शौचाला पातळ, तेलकट आणि घाण वासाची, वाढ थांबलेली, स्वभाव किरकिरा. अंगावरच्या दुधावर असेपर्यंत छान बाळसं धरलेलं मूल वरचं खायला लागलं की हळूहळू वाळत जायचं. आपल्याकडच्या म्हाताऱ्या बायकांनी सुकटी लागली म्हणून मान हलवली असती. डॉक्टर त्याला सिलिॲक आजार म्हणत. नावापलीकडे त्यांच्याही हाती फारसं काही नव्हतं. त्यातली बरीच मुलं दगावत.

आजार काही नवा नव्हता. दुसऱ्या शतकात ॲरेटियस या ग्रीक वैद्यानं त्याचं वर्णन करून ठेवलं होतं. ग्रीक भाषेत ‘कोइलिया’ म्हणजे पोट, त्यावरूनच हे नाव आलं. १८८८ मध्ये लंडनच्या सॅम्युएल गी यांनी मुलांमधल्या या आजाराचं नेमकं वर्णन छापलं आणि बरं व्हायचं तर ते आहारानंच, असा अंदाजही बांधला. त्यांच्या एका लहान रुग्णाला रोज भरपूर डच शिंपले खायला घातले, म्हणजे गोव्यात ज्यांना शिणाणे म्हणतात त्या जातीचे. पोरगं झपाट्यानं सुधारलं, शिंपल्यांचा हंगाम संपला तसं पुन्हा ढासळलं. पुढच्या हंगामात त्यानं शिंपल्यांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. पुढे १९२४ मध्ये न्यूयॉर्कच्या सिडनी हास यांनी केळ्यांचा आहार सुरू केला. मुलं बरी होऊ लागली आणि अमेरिकेत केळं हे औषध ठरलं. शिंपले काय, केळी काय, दोन्हीकडे मुलांच्या पोटात पाव जात नव्हता. पण सगळ्यांचं लक्ष ताटात काय आहे याकडे होतं. ताटात काय नाही, हे कुणी पाहिलंच नाही.

डिके यांचं लक्ष तिकडे गेलं ते एका आईमुळे. या आजारानं ग्रासलेल्या आपल्या मुलाच्या अंगावर पुरळ उठतं, आणि पाव बंद केला की ते लगेच कमी होतं, असं तिच्या ध्यानात आलं होतं. तिनं ते डॉक्टरांच्या कानावर घातलं. त्या बाईचं नाव वैद्यकाच्या इतिहासात कुठे नोंदलेलं नाही. बाह्यरुग्ण विभागात रोज असे शंभर अंदाज कानावर पडतात, डॉक्टर मान डोलावून पुढचा पेशंट बोलावतात. डिके यांनी तसं केलं नाही. माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण इथं आहे, उपासमार तर नंतरची गोष्ट.

त्यांनी काही मुलांचा पाव आणि बिस्किटं बंद केली, सुधारणा दिसल्यावर पुन्हा थोडा गहू देऊन पाहिला, परत बंद केला. ऐकायला सोपं वाटतं, पण यातली मेख अशी की गहू पोटात गेल्यावर दुसऱ्याच दिवशी काही बिघडायचं नाही. कधी दिवस जात, कधी आठवडे. तोवर सर्दी, दात येणं, हवापालट अशी दहा कारणं मध्ये उपटत. म्हणूनच या आजाराचं मूळ इतकी शतकं कुणाला सापडलं नव्हतं. १९४१ मध्ये, हॉलंड जर्मनीच्या टाचेखाली असताना, त्यांनी डच वैद्यकीय नियतकालिकात या साध्या आहाराबद्दल लेख लिहिला. युद्धाच्या धामधुमीत देशाबाहेर तो कोण वाचणार?

मग १९४४ चा हिवाळा आला. दोस्त सैन्याला मदत व्हावी म्हणून डच रेल्वे कामगारांनी संप केला, आणि त्याचा वचपा काढण्यासाठी जर्मनांनी पश्चिम हॉलंडची अन्नाची वाहतूक रोखली. त्यात कालवे गोठले. माणशी मिळणारं रेशन दिवसाला हजार कॅलरींच्याही खाली आलं. लोकांनी साखरेचं बीट खाल्लं, ट्यूलिपचे कंद उकडून खाल्ले. सुमारे वीस हजार माणसं त्या हिवाळ्यात मेली. त्याला डच माणसं आजही ‘भुकेचा हिवाळा’ म्हणतात. हेग शहर त्याच पट्ट्यात येतं.

अशा दिवसांत वॉर्डातली इतर मुलं खंगत असताना सिलिॲकची मुलं तग धरून होती, काहींची तब्येत तर सुधारली. मदतीचा पांढरा पाव आला तेव्हा सगळ्या शहराला आनंद झाला. ही मुलं मात्र पुन्हा जुलाबांनी बेजार झाली. डिके यांच्यासाठी हा शोध नव्हता, त्यांच्या संशयाला मिळालेली जबर पुष्टी होती. अशी चाचणी कुठल्याही डॉक्टरला ठरवून करता आली नसती, आणि करूही नये.

युद्धानंतर त्यांना दोन जोडीदार मिळाले. बालरोगतज्ज्ञ वायर्स आणि रसायनशास्त्रज्ञ फान डी कामर. शौचातून किती चरबी न पचता बाहेर पडते, हे अचूक मोजायची पद्धत फान डी कामर यांनी बसवली. त्यामुळे मूल सुधारलं किंवा बिघडलं हे नुसत्या डोळ्यांनी ठरवायची गरज उरली नाही, आकडा बोलू लागला. गहू आणि राय या धान्यांनी चरबीचं पचन बिघडतं, तांदूळ, मका आणि बटाट्यानं नाही, हे दिसून आलं. मग प्रश्न आला तो गव्हातल्या नेमक्या कशानं बिघडतं याचा.

हे समजायला प्रयोगशाळेची गरज नाही, ज्यांनी उन्हाळ्यात कुरडया घातल्यात त्यांना लगेच कळेल. गहू भिजवून, वाटून, गाळून आपण चीक काढतो. तो चीक म्हणजे गव्हातला पिठूळ भाग, स्टार्च. मळलेली कणीक पाण्याखाली धूत राहिलं तर हा भाग वाहून जातो आणि हातात एक चिवट, रबरासारखा गोळा उरतो. तो ग्लुटेन. पोळी लाटताना फाटत नाही, पाव फुगतो, ते त्याच्यामुळेच. शुद्ध केलेल्या स्टार्चनं मुलांना काही झालं नाही, ग्लुटेननं झालं. गुन्हेगार सापडला. (म्हणून कुरडई चालेल असं मात्र कुणी समजू नका. घरच्या चिकात ग्लुटेनचा अंश राहतोच, आणि या आजारात अंशही पुरतो.)

१९५० मध्ये डिके यांनी युट्रेक्ट विद्यापीठाला आपला प्रबंध सादर केला. वर्षानुवर्षं मोजलेल्या मुलांचे वाढीचे आलेख त्यात आहेत, गहू सुरू केला की रेघ खाली, बंद केला की वर. प्रबंध डच भाषेत होता. लहान भाषेत मोठं काम केलं की ते शेजारच्या देशात पोहोचायलाही वेळ लागतो, सीमाभागातल्या वाचकाला हे वेगळं सांगायला नको. १९५२ मध्ये बर्मिंगहॅमच्या शार्लट अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचे निष्कर्ष इंग्रजीत छापले, ते डिके यांच्याशी जुळले, आणि मग जगाचे कान टवकारले. पुढच्याच वर्षी डिके, वायर्स आणि फान डी कामर यांचेही लेख इंग्रजीत आले. न्यूयॉर्कच्या हास यांनी मात्र केळ्यांचा हट्ट सोडला नाही.

१९५७ मध्ये डिके युट्रेक्टला प्राध्यापक झाले आणि तिथल्या विल्हेल्मिना बाल रुग्णालयाचे प्रमुखही. पण हे दिवस फार टिकले नाहीत. १९६२ मध्ये, वयाच्या अवघ्या सत्तावन्नाव्या वर्षी ते गेले. डच पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेनं त्यांच्या नावानं सुवर्णपदक ठेवलं आहे. गव्हामुळे शरीराची स्वतःची प्रतिकारयंत्रणाच लहान आतड्याच्या अस्तरावर कशी उलटते, हे बहुतांशी त्यांच्या मागे उलगडलं. उपचार मात्र त्यांनी दिला तोच आहे. या आजारावर आजही रोजच्या वापराचं औषध नाही. गहू, जव आणि राय आयुष्यभर बंद, एवढंच.

आता हे आपल्या स्वयंपाकघरात आणून पाहू. उत्तर भारताच्या गव्हाच्या पट्ट्यात साधारण शंभरात एकाला हा आजार असावा असं पाहण्यांत आढळलंय. दक्षिणेत प्रमाण पुष्कळच कमी आहे. म्हणजे बेळगावच्या किंवा गोव्याच्या घरापेक्षा ग्वाल्हेर-इंदूरच्या मराठी घरात याची गाठ पडण्याची शक्यता जास्त. आणि तिथंच अडचणही जास्त, कारण दोन्ही वेळची पोळी आणि सणाला दाल-बाफले. बेळगावकराला ज्वारीची भाकरी, गोंयकाराला उकड्या तांदळाचा भात घरचाच आहे, त्याला फक्त पाव-पोई सोडायची. नाचणी, बाजरी, वरई, राजगिरा, साबुदाणा, शिंगाड्याचं पीठ, सगळं चालतं. आपली उपवासाची थाळी जवळजवळ जशीच्या तशी ग्लुटेनमुक्त आहे, हे ऐकून पुष्कळ आयांचा जीव भांड्यात पडतो.

पण शब्द फसवतात. बडोद्यात भाखरी मागितली तर गव्हाची येते, आपली ज्वारीची नव्हे. ज्वारी चालते, पण जव म्हणजे सातू चालत नाही. हैदराबादच्या हलीममध्ये मटणाबरोबर गहू शिजलेला असतो. बाजारच्या बांधानी हिंगात बऱ्याचदा मैदा असतो, थालीपिठाच्या भाजणीत गहू असतो. आणि खपली गहू! तो पचायला हलका म्हणून हल्ली फार खपतो, आणि ग्लुटेन सोसत नसलेल्यांनाही तो चालतो असं कुणीकुणी बिनदिक्कत सांगतं. खपली हाही गहूच आहे, त्यात ग्लुटेन आहे, आणि सिलिॲकच्या रुग्णाला तो अजिबात चालत नाही. तीच गत गिरणीची. गव्हानंतर त्याच जात्यावर दळलेल्या ज्वारीच्या पिठात गहू येतोच. परवडत असेल तर घरघंटी घ्यावी, नाहीतर घरीच धान्य भरडायची काही सोय पाहावी. पाकिटावर ग्लुटेनमुक्त लिहायचं तर आपल्या देशात किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे. यावरून किती थोडा अंश मोजला जातो ते कळेल.

कठीण जातं ते घराबाहेर. लग्नाच्या पंगतीत पुरणपोळी नाकारणाऱ्या मुलाला चार जण आग्रह करतात, सत्यनारायणाच्या शिऱ्याला नाही म्हटलं तर आजीला वाईट वाटतं. एवढ्याशा प्रसादानं काय होतंय, हे वाक्य या मुलांच्या आईनं किती वेळा ऐकलेलं असतं. होतं, आणि लगेच दिसत नाही म्हणूनच जास्त होतं. डिके यांच्या वॉर्डातही नेमकं असंच होतं.

सगळ्यांनाच हा आजार असतो असं नाही. काहींना गव्हाची ॲलर्जी असते, काहींच्या तपासण्या स्वच्छ येतात तरी गव्हानं पोट फुगतं, डोकं जड होतं. म्हणून पोटाची तक्रार असली, मुलाची उंची वाढत नसली, गोळ्या घेऊनही रक्तातलं लोह वाढत नसलं, तर आधी डॉक्टरांकडून टीटीजी नावाची रक्ततपासणी करून घ्यावी, गरज पडली तर दुर्बिणीतून आतड्याचा तुकडा तपासतात. तोवर गहू स्वतःहून बंद करू नये. बंद केला की रक्तातल्या खुणा पुसट होतात, तपासणी खोटीच चांगली येते आणि निदान वर्षभर लांबतं. घरात एकाला आजार निघाला तर आईवडील आणि भावंडांचीही तपासणी करायला सांगतात. त्यांच्यातल्या एखाद्याला काहीही त्रास नसताना तो निघतो.